आजीचे गुडघे, पुण्याचे उंदीर आणि पेशींचे डबे

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. दिवा–रोहा मेमूमध्ये बसला असाल तर पेणला सुरू करा, रोहा यायच्या आत वाचून होईल.

मागच्या महिन्यात रोह्याहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याच्या आजीचे दोन्ही गुडघे गेलेत. जिना तर सोडाच, ओटीवरून अंगणात उतरायलाही धरावं लागतं. कुणीतरी सांगितलं, स्टेम सेलचं नवीन निघालंय, एक्सोसोम म्हणतात, तीन इंजेक्शनं घेतली की ऑपरेशन नको. खर्च ऐकून घरात शेताचा एक तुकडा काढायचं बोलणं सुरू झालं. म्हणून तो विचारत होता, "दादा, हे खरंय की गंडवतायत?"

एका वाक्यात उत्तर दिलं असतं तर त्याच्या काकांनी ते मानलं नसतं. म्हणून जरा खोलात जाऊ. त्यातलं एक महत्त्वाचं काम तर घाट चढून गेलं की पुण्यातच झालंय.

आधी स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी. पेणजवळ हमरापूरला गणपतीचे कारखाने पाहिलेच असतील. समजा तिथे मातीचा असा एक गोळा आहे, की त्यातून मूर्ती घडते आणि तेवढाच गोळा पुन्हा शिल्लकही राहतो. मूळपेशी तशी असते. हाडांच्या आतल्या मज्जेत, बोनमॅरोमध्ये, रक्ताच्या मूळपेशी असतात. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे सगळं तिथूनच येतं, जन्मभर.

यावर आधारलेला खरा, सिद्ध झालेला उपचार जुना आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी 20 मार्च 1983 रोजी बोनमॅरो ट्रान्सप्लांट केलं. ते देशातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट मानलं जातं. आज टाटाचं हे काम खारघरच्या केंद्रात चालतं, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. पण तिथे उपचार होतात ते रक्ताच्या आजारांवर, गुडघ्यांवर नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक्सोसोम. पेशी आपल्या अंगातून बारीक बारीक पुड्या बाहेर सोडतात. त्यांना एकत्रित नाव एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स. त्यातल्या छोट्यांना म्हणायचं एक्सोसोम. साधारण 30 ते 150 नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत शेकडो मावतील. मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कोवळ्या लाल पेशी पाहत होत्या, तेव्हा 1980च्या दशकात त्यांना या पुड्या दिसल्या. नाव त्यांनीच दिलं, 1987 मध्ये. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की ही पेशींची कचऱ्याची पिशवी आहे. 2007 मध्ये स्वीडनच्या एका गटाने दाखवलं की या पुड्यांमध्ये आरएनए असतो आणि दुसरी पेशी तो उघडून वापरते. म्हणजे कचऱ्याची पिशवी कसली, हा तर डबा निघाला! आईने पेणहून नोकरीच्या गावी पाठवलेला. आता डब्यात काय येणार हे त्या दिवशी घरात काय शिजलंय त्यावर ठरतं, बरोबर?

नेमकं हेच पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, एनसीसीएसमध्ये, डॉ. वैजयंती काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. 2018 मध्ये ‘स्टेम सेल्स’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. त्यामागची अडचण अगदी व्यवहारातली होती. बोनमॅरो देणारा माणूस वयस्कर असला तर त्याच्या मूळपेशी रुग्णाच्या शरीरात नीट रुजत नाहीत. मग त्या म्हाताऱ्या पेशींना पुन्हा तरुण करता येईल का?

त्यांनी म्हाताऱ्या उंदरांच्या रक्ताच्या मूळपेशी घेतल्या आणि थोडा वेळ तरुण उंदरांच्या मज्जेतल्या आधारपेशींच्या शेजारी ठेवल्या. या आधारपेशी म्हणजे मूळपेशींचं शेजारपाजार, त्यांना सांभाळणाऱ्या. म्हाताऱ्या मूळपेशी सुधारल्या. कशामुळे? डब्यांमुळे. तरुण शेजारणींच्या डब्यात ऑटोफॅजीचे निरोप होते. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःच्या आतला कचरा स्वतः साफ करणं.

आता गंमत बघा. आधारपेशी म्हाताऱ्या झाल्या की त्यांच्यात एकेटी नावाची यंत्रणा जोर धरते. मग डब्यातले साफसफाईचे निरोप कमी होतात. एवढ्यावर थांबत नाही. त्यांच्या छोट्या डब्यांत, म्हणजे त्या एक्सोसोममध्ये, मिर-17 आणि मिर-34ए नावाचे आरएनएचे बारके तुकडे भरले जातात, जे समोरच्या पेशीची साफसफाई दाबून टाकतात. म्हणजे त्याच जातीची पेशी, तसाच दिसणारा डबा, पण एकात औषध आणि दुसऱ्यात म्हातारपण! संशोधकांनी म्हाताऱ्या आधारपेशींमधली एकेटी दाबली, तर त्यांचे मोठे डबे पुन्हा कामाचे झाले. ट्रान्सप्लांटच्या प्रयोगांत ते तरुण पेशींच्या डब्यांपेक्षाही सरस ठरले. मला स्वतःला हा भाग सगळ्यात भारी वाटला.

आता परत आजीकडे येऊ. त्या बाटलीत "एक्सोसोम" आहेत, मान्य. कोणाच्या पेशींचे? किती वयाच्या? कशा वाढवलेल्या? छोटे डबे की मोठे, आणि वेगळे कसे काढले? पुण्याच्या प्रयोगात उत्तर बदललं की परिणाम उलटा होत होता. शिवाय ते उंदीर होते आणि ते रक्त होतं, माणसाचा गुडघा नव्हता.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं ट्रान्सप्लांट सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर फक्त परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये. आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. अमेरिकेत डिसेंबर 2019 मध्ये एफडीएने एक्सोसोमच्या उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला, कारण नेब्रास्कात ती घेतलेल्या काही रुग्णांना गंभीर त्रास झाला होता.

ऑपरेशनची भीती वाटते, हे समजू शकतो. माझ्याही घरी वाटते. पण गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया अनेक दशकं चाललेली आहे, तिचे फायदे-धोके डॉक्टर समोर बसून सांगू शकतात. त्याआधी व्यायाम, वजन, नीट बसवलेली काठी, हेही आहे.

त्या श्रोत्याला मी एवढंच लिहिलं: ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागून घे. फोनवर शोधलास की दोन मिनिटांत दिसेल, ट्रायल कोण करतंय, कशासाठी, कुठे.

त्याने क्रमांक मागितला. समोरून लगेच आला. लावून बघितला तर रिसेप्शनवरच्या बाईंनी उचलला.