मजल आणि मुक्काम

‘मजल दरमजल करीत’ हा शब्दप्रयोग आज आपल्याला केवळ बखरींची आठवण करून देतो; परंतु माणसाने आणि जनावराने एका दिवसात सुखाने तोडावे तेवढे अंतर म्हणजे मजल, आणि ती जेथे संपेल तेथे मुक्कामाची तजवीज असावी, हा त्या शब्दामागील हिशेब श्रीनगरहून कन्याकुमारीपर्यंत ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने मोटार हाकीत जाणाऱ्याला अद्यापही तंतोतंत लागू पडतो. देशातील हा सर्वांत लांब महामार्ग सुमारे ४,१०० किलोमीटरांचा असून, रोज सातशे किलोमीटर कापून तो सहा दिवसांत निकालात काढणारे बहाद्दर आहेत; फास्टॅगमुळे टोलच्या पावत्याही आता त्यांच्या संग्रही उरत नाहीत.

वेळ वाचविण्याच्या नादात मार्गावरील काय गळून जाते, याचा प्रत्यय प्रारंभीच येतो. चेनानी ते नाशरी हा सुमारे ९ किलोमीटरांचा बोगदा २०१७ साली खुला झाला, त्याने जम्मू-श्रीनगर अंतरात ३० किलोमीटरांची बचत केली, आणि त्याच बचतीत पटनीटॉपचे देवदार व कुदचा साजूक तुपातला पतीसा हे दोन्ही प्रवाशाच्या खाती वजा पडले. ज्याला सवड आहे त्याने जुन्या घाटानेच जावे.

पंजाब-हरियाणात महामार्ग जुन्या बादशाही सडकेच्या अंगाने चालतो. शेरशहाने आपल्या अवघ्या पाच वर्षांच्या अमदानीत (१५४०–४५) या सडकेवर दर दोन कोसांना सराई बांधल्याचे इतिहासकार सांगतात. पुढे मोगलांनी कोसाकोसावर उभारलेले विटांचे सुमारे ३० फुटी मिनार कर्नालच्या बाजूला अजून शेतांमधून डोके वर काढून उभे आहेत, आणि त्यांपैकी एक तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात सापडला आहे. लुधियानाजवळ दोराहा येथे जहांगीरकालीन सराई आहे. दोन टोकांना दोन भव्य दरवाजे, मध्ये प्रशस्त चौक आणि भोवती खोल्यांच्या रांगा, ही तिची मांडणी पाहिली म्हणजे आजचे महामार्गावरील हॉटेल काही नवे शोधून काढलेले नाही, हे ध्यानी येते. पानिपतला काला आम्ब येथे १७६१ च्या रणांगणाचे स्मारक आहे. तेथे पाहण्याजोगे फारसे नसले तरी मराठी माणसाचा पाय लवकर निघत नाही, सबब त्या दिवसाच्या मजलेत दोन तास अगोदरच सोडून ठेवावेत.

हॉटेलचा दिवस पंचांगाप्रमाणे सूर्योदयाला उगवत नाही. तो बहुधा दुपारी बारा-दोनच्या सुमारास सुरू होऊन दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला संपतो, त्यामुळे रात्री दहाला येऊन पहाटे निघणारा प्रवासी पूर्ण दिवसाचे भाडे भरून केवळ आठ तासांची झोप विकत घेतो. दिवस मावळण्यापूर्वी पोहोचावे, चालकाच्या निजण्याची सोय आधीच विचारून घ्यावी, आणि दर्शनी खोली कधीही पत्करू नये. मी एकदा मोठ्या हौसेने तशी खोली घेतली, आणि मालमोटारींचे भोंगे मोजीत रात्र काढली.

मुक्कामाने स्थळाचे रूप कसे पालटते, हे मला ओरछाला उमगले. झाशीहून जेमतेम १५ किलोमीटरांवर असलेल्या या बुंदेल्यांच्या राजधानीत दुपारच्या दोन तासांपुरता येणारा प्रवासी जहांगीर महालाचा तापलेला दगड पाहून परततो. परंतु तेथील किल्ल्याच्या आवारातच, शीशमहालात, राज्याच्या पर्यटन खात्याने निवासाची व्यवस्था ठेवली आहे, आणि जो तेथे किंवा गावात राहतो त्याला सायंकाळी बेतवेच्या पाण्यात उतरलेल्या छत्र्यांची शिखरे, त्यांच्या सज्जांवर परतणारी गिधाडे, आणि रामराजाच्या मंदिरात आरतीच्या वेळी शस्त्रधारी पोलीस देवाला राजा मानून देत असलेली सलामी, हे सारे पायी हिंडत पाहता येते.

सिवनी आणि नागपूर यांच्या दरम्यान पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलला आहे. वाघ खालून जातो, आपण वरून. दक्षिणेत कुर्नूल ते बंगळूर ही साधारण ३६० किलोमीटरांची मजल, तिच्यातून १५ किलोमीटर आड वळले की लेपाक्षी लागते. तेथील मंडपातला एक खांब जमिनीला पुरता टेकलेला नाही, आणि वाटाड्या त्याच्याखालून वर्तमानपत्राची घडी सरकवून दाखवतो. आमच्यातील एकाने ती दुसऱ्या बाजूने ओढून घेतली आणि तेथेच बसून वाचूही लागला.

हॉटेलच्या नोंदवहीत ‘कोठून आलात’ आणि ‘पुढे कोठे जाणार’ असे दोन रकाने असतात. कन्याकुमारीला मी दुसरा कोरा सोडला. कारकुनाने खिडकीतून आमच्या गाडीच्या पाटीकडे एकवार पाहिले आणि तेथे ‘महाराष्ट्र’ असे लिहून टाकले.