नगरवृक्षांचे दप्तर

रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, आणि जीर्ण झाड हवेच असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावे, अशी जी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे, तिचीच दृष्टी महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांसाठी 1975 साली झालेल्या वृक्षसंरक्षण कायद्यात मला दिसते. प्रत्येक पालिकेत वृक्ष प्राधिकरण असावे, त्याने वृक्षगणना करावी, आणि तोडीचा अर्ज आल्यास जाहीर नोटीस वर्तमानपत्रात देऊन त्या झाडावरही दर्शनी जागी लावावी, म्हणजे नागरिकांस हरकत नोंदविता यावी, अशी त्यात तजवीज आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांस वारसावृक्षाचा दर्जाही मिळाला.

परंतु बुंध्याला भिडवून ओतलेले काँक्रीट, सालीत ठोकलेले फलकांचे खिळे आणि मुळे तोडीत गेलेले केबलींचे चर यांना कोणी तोड म्हणत नाही. पाण्याचा व हवेचा शिरकाव थांबून आतून खंगलेला, वरून मात्र हिरवागार दिसणारा गुलमोहर वळवाच्या पहिल्या सरीत उन्मळतो, आणि खापर वाऱ्याच्या माथी फुटते. ही हानी मला कुऱ्हाडीहून दारुण वाटते. वाचकांनी आपल्या दारच्या झाडाभोवती मीटरभर माती मोकळी आहे की नाही ते पाहावे, आणि नसल्यास पालिकेच्या उद्यान खात्याकडे आजच लेखी अर्ज करावा.