चार बरण्या आणि एक नाक

ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला राहायला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली. इथे लोक लोणचं घालावं तशी घरी बिअर करतात. तुम्ही दचकाल, पण अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने स्वतःपुरती बिअर करायला मुभा आहे, विकायची मात्र नाही. शेजाऱ्याचं पाहून मीही लागलो. पहिल्याच खेपेला पाच जातींचे हॉप्स एकत्र टाकले आणि वीस लिटर बिअर मोरीत ओतावी लागली. काय बिघडलं तेच कळेना, हे जास्त लागलं.

हॉप्स म्हणजे एका वेलीची कागदी पाकळ्यांची हिरवी बोंडं. चुरगळली की आतली पिवळी पूड बोटांना चिकटते. बिअरचा कडूपणा आणि बराचसा वास तिचा.

आमची ही बिअरला शिवत नाही. पण गोडा मसाला अजून घरी करते. म्हणाली, "अहो, दगडफूल ओळखायचं तर आधी नुसत्या दगडफुलाचा वास घ्यावा. तुम्ही अख्खा डबाच उपडा केलात!" इथले जाणकारही हेच सांगतात. सातू, पाणी, यीस्ट तेच ठेवायचं. बदलायचा तो फक्त हॉप.

मग चार लिटरच्या चार बरण्या मांडल्या. चेक प्रजासत्ताकातला साझ, इंग्लंडचा फगल, इथल्याच कॉर्व्हॅलिसला तयार होऊन १९७२ साली बाजारात आलेला कॅस्केड आणि या शतकातला सिट्रा. न्याय म्हणून सगळे सारख्या वजनाने घातले, आणि तिथेच फसलो. कडूपणा देणारं आम्ल साझमध्ये शंभरात तीन-चार भाग, तर सिट्रात अकरा-बारा. सिट्राची बरणी म्हणजे निव्वळ काडेचिराईत! वासाकडे लक्ष जाईल तर शपथ.

पुन्हा चार घाणे काढले. कडूपणा उतरायला तासभर उकळावं लागतं, पण तेवढ्यात वास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून सुरुवातीला सिट्राच्या तिप्पट साझ, अशा हिशेबाने कडूपणा जुळवला आणि शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाचा सारखा वाटा टाकला.

महिन्याने पेल्यांवर नुसते आकडे चिकटवून बसलो. मी चाखायचं, तिने वास घ्यायचा. माझ्या वहीत 'छान', 'बरी', 'छान'. तिचं ऐका. साझ : वाळलं गवत, मागून मिरी. फगल : पावसाळ्यातलं लाकडी कपाट. कॅस्केड : पपनस, पण गर नव्हे, साल. सिट्राला मी उत्साहाने 'हापूस' म्हणालो. "हापूसला कशाला बदनाम करता? कैरी आहे, नि थोडी लिची."

उठता उठता तिने फ्रिजमधला, पहिल्या खेपेतून उरलेला फगलचा पुडा नाकाशी धरला. सवलतीत मिळाला म्हणून आणलेला, तोंड आधीच सुटलेला. हवा लागून जुन्या झालेल्या हॉप्सना चीजसारखा वास येतो, हे मी वाचलं होतं. घेतला कधी नव्हता.

"हे घातलं होतंत तुम्ही?" तिने विचारलं.

वीस लिटरांचा खुलासा झाला. आता पुडा फोडला की आधी स्वयंपाकघरात जातो.