पालीमागचे डोंगर आणि उतरणाऱ्या वाटा

बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पालीतला मुक्काम तास-दीड तासाचा. अष्टविनायकाच्या गाडीला पुढचा गणपती गाठायचा असतो. रांगेत उभं राहायचं, प्रसाद घ्यायचा, बाहेरच्या दुकानांतून पोह्याचे पापड आणि मिरगुंडं बांधून घ्यायची, की गाडी महडच्या रस्त्याला लागते. देवळामागचा सरसगडाचा उभा सुळका फोटोत आपोआप येतो. त्याच्या पलीकडे पूर्वेला सह्याद्रीची अखंड भिंत उभी आहे. तिच्या कुशीत दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, एक अफाट किल्ला आहे आणि कोकणातून घाटावर चढणाऱ्या अर्धा डझन तरी वाटा आहेत. पाली वसली आणि वाढली ती या डोंगरांच्या आधाराने. तरी सुधागड तालुक्याची ओळख आज एका देवळापुरती उरली आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

हा सगळा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यातले काही टणक निघाले, काही ठिसूळ. दरवर्षी तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणाऱ्या पावसाने ठिसूळ थर खाल्ले आणि टणक थरांचे कडे उघडे पडले. घाटमाथ्याची कडा अशी झिजत झिजत पूर्वेकडे सरकली आणि जे चिवट तुकडे मागे राहिले ते सुटे डोंगर झाले. सरसगड हा त्यातला एक, सुधागड दुसरा. गड बांधणाऱ्यांनी तटबंदीचं निम्मं काम निसर्गाकडून आयतं करून घेतलं.

ते कसं, हे पाहायचं तर सरसगड चढावा. गावातून निघालेली पायवाट तासाभरात कड्याच्या पायथ्याशी पोहोचते. पुढे दोन कातळांच्या मधल्या घळीत 96 पायऱ्या कोरल्या आहेत. बांधीव जिन्यासारख्या त्या नाहीत. एकेक पायरी गुडघ्याच्या वर येते, हात टेकल्याशिवाय पाय उचलता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना दगड इतका जवळ की खांदा घासावा. चढणारा एकटा, दमलेला, मान वर केलेला. वर दरवाज्याशी दोन-चार माणसं जागी असली तरी पुरेत. कोरणाऱ्याने हा सगळा हिशोब मनात धरूनच छिन्नी चालवली असणार. दरवाज्यापाशी पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, आत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि माथ्यावर केदारेश्वराचं देऊळ. या गडाच्या दुरुस्तीसाठी शिवाजी महाराजांनी 2000 होन मंजूर केल्याचं सांगितलं जातं. वरून पाहिलं की एका बाजूला पालीची कौलं आणि आंबा नदीचं वळण, दुसऱ्या बाजूला सुधागड दिसतो. त्याच्याही मागे तैलबैलाच्या कातळाच्या दोन भिंती. गड कशावर लक्ष ठेवायला बांधला, हे तिथे उभं राहिलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही. घाटावरून खाली येणारा माणूस, बैल, घोडा या टापूतून सहसा नजर चुकवून जाऊ शकत नव्हता.

या वाटा किल्ल्यांहून कितीतरी जुन्या आहेत. चौलच्या बंदरात उतरलेला माल खाडीतून आत यायचा आणि पुढे घाट चढून जुन्नर-पैठणकडे जायचा. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बौद्ध भिक्षू आले. पावसाळ्याचे तीन महिने त्यांनी एका जागी राहायचं, म्हणून वाटेच्या कडेला, पाण्याजवळ, दगडात विहार खोदले गेले. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी घाटमाथ्याच्या बाजूची. तीच परंपरा कड्याच्या खाली ठाणाळे आणि खडसांबळे इथे दिसते. ठाणाळ्याला 23 लेणी आहेत, खडसांबळ्याला 37. काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या आसपासचा. कार्ल्याचा डौल इथे शोधू नये. एक साधा चैत्य, ओळीने खोदलेल्या खोल्या, झोपायला दगडी ओटे. पण ठाणाळ्याच्या सातव्या लेण्यात मधलं चौकोनी दालन आणि भोवतीच्या खोल्या पाहताना, श्रावणातल्या पावसाचा पडदा समोर धरून इथे बसलेली माणसं डोळ्यांपुढे येतात.

स्थानिकांना ही लेणी ठाऊक होतीच. छापील जगात ती आली 1890-91 मध्ये. अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री जस्टिन अ‍ॅबट यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी 1891 साली त्यांचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. पुढे आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेणारे अ‍ॅबट ते हेच. ठाणाळ्याजवळच्या नाडसूरच्या रानातून ते चालत गेले असतील तेव्हाही वाट कारवीतूनच गेली असणार.

घाटवाटांवर ताबा म्हणजे मुलखावर ताबा, हे शिवाजी महाराजांइतकं कुणाला कळलं नव्हतं. 1661 च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोगल फौज कुरवंडे घाटाने खाली उतरली आणि आंबा नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंबरखिंडीत, कोंडली गेली. पुढे रस्ता बंद, मागे रस्ता बंद, दोन्ही अंगांना गर्द झाडी. खानाला खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. पाठ्यपुस्तकात या लढाईला दोन ओळी मिळतात. त्या अरुंद खिंडीत उभं राहिलं की तिथला डोंगरच अर्धी लढाई लढला, हे पटतं.

सुधागडाचं जुनं नाव भोरपगड. 1648 मध्ये तो स्वराज्यात आला. गडमाथा एवढा विस्तीर्ण आणि पाण्याने समृद्ध की राजधानीसाठी त्याचाही विचार झाला होता असं म्हणतात. त्याचा महादरवाजा रायगडाच्या महादरवाज्याची आठवण करून देतो. बुरुजांच्या कुशीत वळून आत शिरणारी वाट, शेवटपर्यंत न दिसणारी कमान. पायथ्याच्या पाच्छापुरात 1681 साली औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आणि संभाजी महाराज यांची भेट झाली. पातशहाचा मुलगा मुक्कामाला होता म्हणून गावाचं हे नाव, असं सांगतात. गडावर पंत सचिवांचा चौसोपी वाडा आणि भोराई देवीचं देऊळ आहे. देवळासमोर वीरगळ आणि सतीशिळा ओळीने उभ्या आहेत. भोराई ही भोरच्या सचिवांची कुलदेवता. नवरात्रात आजही तिच्यासाठी माणसं गड चढतात.

भोर संस्थानाचा उलगडाही या डोंगरांतूनच होतो. राजधानी घाटावर, आणि एक तालुका मात्र कड्याखाली कोकणात. संस्थानाच्या तालुक्यांना गडांचीच नावं होती: राजगड, विचित्रगड, प्रचंडगड, सुधागड, आणि जोडीला पवन मावळ. त्यातलं सुधागड हे नाव तालुक्याला आजही आहे. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि सुधागड कुलाबा जिल्ह्यात आला.

तोवर वाटांची रया गेली होती. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला, 1863 मध्ये रेल्वे आली आणि घाटावरची सगळी ये-जा खोपोली-खंडाळ्याकडे वळली. सवाष्णीचा घाट, वाघजाईचा घाट, नाणदांड या वाटा धनगर, ठाकर आणि कातकऱ्यांच्या पायांखाली राहिल्या. त्या आज शिल्लक आहेत त्या या माणसांमुळेच.

डोंगर आणि शेत यांचं नातं उन्हाळ्यात स्पष्ट दिसतं. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर झाडांचे टहाळ, वाळला पाला, गवत, शेण आणि वर माती असे थर रचून आग लावतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तण जळतं, राख मिळते आणि मृगाच्या पावसाबरोबर रोपं जोमाने येतात. उतारावरचे ऐन वर्षानुवर्षं छाटलेले दिसतात ते यासाठी. वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाचरात भात, आणि भात निघालं की उरलेल्या ओलीवर वाल. डिसेंबर-जानेवारीत त्याच वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात घालून पोपटी लावतात. कारवीच्या काठ्यांचे कूड अजूनही ठाकरवाड्यांत दिसतात, सिमेंटच्या भिंतींच्या शेजारी.

या डोंगरांचं पाणी जीवही घेतं. जुलै 1989 मध्ये आंबा एका रात्रीत चढली आणि जांभूळपाडा उद्ध्वस्त झाला. त्याच मुलखात, पालीपासून तीन-चार किलोमीटरवर, उन्हेऱ्याच्या कुंडांत वाफाळतं पाणी येतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत कोकणपट्टीत अशा कुंडांची माळ आहे.

पुढच्या वेळी पालीला जाल तेव्हा एक दिवस जास्त काढा. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरात, सकाळी लवकर दर्शन उरकून नाडसूरवरून ठाणाळे गाठा. गावातला एखादा वाटाड्या बरोबर घ्या आणि त्याची दिवसाची मजुरी ठरवून, चोख द्या. कारवी माजलेली असते, ढोरवाटा फसवतात, आणि लेण्यांपर्यंत चांगली दीड-दोन तासांची चाल आहे. पिण्याचं पाणी खालूनच भरून न्या.