श्वानदंशाची लस आणि औषधविक्रेत्याचा सल्ला

जत, आटपाडी, माण, खटाव यांसारख्या तालुक्यांत कुत्रा चावल्यावर पुढे काय करावे, हा प्रश्न अनेकदा डॉक्टरांच्या आधी गावातल्या 'मेडिकल'मध्ये विचारला जातो, आणि म्हणूनच तेथील फार्मासिस्टचे उत्तर लशीच्या निर्णयाला वळण देणारे ठरते. अमेरिका व ब्रिटनमध्ये फार्मासिस्ट स्वतः लस टोचतात. भारतात ते काम डॉक्टर व परिचारिकांकडे असले, तरी 2015 च्या औषध व्यवसायविषयक नियमांनी रुग्णाचे समुपदेशन, म्हणजे त्याची अडचण ऐकून घेऊन त्याला समजेल असे मार्गदर्शन, हे फार्मासिस्टचे कर्तव्य मानले आहे.

रेबीजच्या बाबतीत मात्र या विचारविनिमयाला एक स्पष्ट सीमा आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरत असल्याने, ओरखडा किंवा चावा असल्यास लस घ्यावी की नाही हा प्रश्नच उरत नाही. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने 15 मिनिटे धुवून तातडीने दवाखाना गाठावा लागतो, आणि रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, द्यावी लागतात. गर्भवती स्त्रीलाही ही लस निर्धोकपणे देता येते, ही बाब आवर्जून सांगण्याची गरज असते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती जुन्या, प्राण्यांच्या मेंदूच्या ऊतीपासून बनवलेल्या लशीच्या काळातली आहे. ती लस बंद होऊन बराच काळ लोटला आहे आणि आताची लस दंडात दिली जाते.

रुग्ण आणि फार्मासिस्ट यांनी मिळून घ्यायचा खरा निर्णय असतो तो मात्रा पूर्ण कशा करायच्या याचा. सरकारी रुग्णालयात त्वचेत दिली जाणारी लस सामान्यतः पहिल्या दिवशी (जो शून्य धरतात), आणि मग 3ऱ्या, 7व्या व 28व्या दिवशी मोफत मिळते, तर स्नायूत देण्याच्या पद्धतीत 14व्या दिवसाची एक मात्रा वाढते. रोजंदारीवर जाणाऱ्यासाठी प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी असते, त्यामुळे लस विकण्यापूर्वी ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते हे सांगणारा विक्रेता स्वतःचे गिऱ्हाईक गमावूनही व्यवसायाला जागतो. विकत घेतलेली लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे, हेही त्यानेच बजावले पाहिजे. उन्हात मोटरसायकलवर दवाखान्यापर्यंत नेलेल्या कुपीची ताकद घटू शकते.

साखर कारखान्यांच्या परिसरातील ऊसतोड कामगारांच्या बाबतीत तर 28वा दिवस उजाडण्यापूर्वी टोळी दुसऱ्या गावी गेलेली असते. अशा रुग्णाने लशीचे कार्ड जवळ बाळगावे आणि फार्मासिस्टने त्याच्या बोलीत पुढच्या तारखा लिहून द्याव्यात, कारण उरलेल्या मात्रा नव्या मुक्कामाजवळच्या सरकारी रुग्णालयातही घेता येतात.