कुकरीवरचा ठसा शेवटी वाचावा

उल्हासनगर हे नाव १९४९ मधले. त्याआधीचा हा कल्याण कॅम्प, दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार थाटले. शेजारच्या अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी. तिथे १८ मार्चला आयुध निर्माणी दिवस साजरा होत आला, कारण १८०२ साली त्या तारखेला कलकत्त्याजवळच्या काशीपूर कारखान्यात उत्पादन सुरू झाले. पहिल्या महायुद्धातल्या काही लष्करी कुकऱ्यांवर, म्हणजे गुरखा सैनिकांच्या वाकड्या सुऱ्यांवर, याच काशीपूरचे नाव आणि साल ठोकलेले सापडते. बदलापूर-अंबरनाथकरांना जुन्या कुकऱ्यांचा विषय परका वाटू नये, तो यासाठी.

मात्र नवखा संग्राहक नेमका त्या ठशालाच भुलतो. ठसा ठोकायला पंच आणि हातोडी पुरतात, म्हणून तो शेवटी वाचावा. आधी मूठ पाहावी. काशीपूरच्या त्या काळच्या अनेक कुकऱ्यांत पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीने गेलेले असते आणि दोन्ही अंगांना लाकडी फळ्या रिवेटांनी जखडलेल्या असतात. पितळी सिंहमुखाची, नक्षीदार मूठ म्हणजे बहुधा पर्यटकांसाठी केलेला माल. मग भिंग घेऊन अक्षरांत डोकवावे. जुन्या ठशाच्या तळाशी भोवतीच्या पात्यासारखाच काळपट गंज बसलेला असतो. भोवती गंजाचे खड्डे आणि अक्षराचा तळ मात्र चकचकीत, किंवा अक्षराच्या कडेला ताजा धातू उचललेला, असे दिसले तर ठसा मागाहून मारलेला आहे, असे मी बेधडक म्हणेन.

नेपाळी सैन्याच्या कुकऱ्या ओळखण्यात मराठी माणसाला एक फायदा आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा २००३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि हजारो कुकऱ्या जगभर गेल्या. त्यांतल्या अनेकांवर देवनागरी अक्षरे आहेत. ‘श्री ३’ ही राणा पंतप्रधानांची पदवी, ‘श्री ५’ राजाची. राणांची सत्ता १८४६ ते १९५१. साल विक्रम संवतात असते, म्हणून १९६० वाचून ते इसवी सन समजू नये. त्यातून ५७ वजा केले की १९०३ येते. जुन्या नेपाळी लेखनात ५, ८ आणि ९ यांची वळणे आपल्याहून वेगळी असतात, तिथे घाई नको.

दुसऱ्या महायुद्धात मागणी वाढली आणि खासगी कारखान्यांनीही कुकऱ्या घडवल्या. देहरादूनची विंडलास कंपनी १९४३ मध्ये त्यासाठीच सुरू झाली. या काळातल्या मालात घडाई सारखी नसते, म्हणून निव्वळ ओबडधोबडपणावरून खोटी ठरवू नये.

कायद्याचेही भान हवे. शंभरी ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. १९१७ ची कुकरी आता त्या वयाची झाली आहे आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. लांब पात्याला शस्त्र कायदाही लागू होऊ शकतो. ती घेऊन रस्त्यावर फिरू नये. शंका असल्यास पोलीस ठाण्यात विचारावे.

कुणाच्या घरी आजोबांची कुकरी असेल, तर ती पॉलिश पेपरने घासू नका. चामड्याच्या म्यानातून काढून पात्याला तेलाचा पातळ हात द्या, कारण चामड्यात ओल धरते. आणि आजोबांचे नाव, पलटण, क्रमांक, ती घरात कशी आली, हे सारे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच कागदावर लिहून ठेवा.