बंद खोलीचे कोडे

संगणकाच्या स्क्रीनवर एक खोली दिसते. पलंग, कपाट, खिडकीला पडदा, कोपऱ्यात मेज आणि समोर दरवाजा. दरवाज्याला कुलूप आहे. खोलीत दुसरे कोणी नाही. आपण येथे कसे आलो, हेही कोणी सांगत नाही. हातात आहे तो फक्त माउस, आणि खोलीतून बाहेर पडायचे आहे.

या खेळाला इंग्रजीत ‘एस्केप रूम’ म्हणतात. आपण त्याला ‘बंद खोलीचा खेळ’ म्हणू. यात धावपळ नाही, गोळीबार नाही, शत्रू नाही. पडद्यावरचा बाण हव्या त्या वस्तूवर न्यायचा आणि माउसचे बटण दाबायचे, म्हणजेच ‘क्लिक’ करायचे. उशीवर क्लिक केले की उशी सरकते. खाली किल्ली असली तर दिसते. किल्लीवर क्लिक केले की ती स्क्रीनच्या कडेच्या पट्टीत जाऊन बसते. ही पट्टी म्हणजे आपला खिसाच! पुढे हीच किल्ली एखाद्या खणाला लागते, खणात पेचकस सापडतो आणि पेचकसाने भिंतीवरची जाळी निघते. एवढ्या साध्या खेळात तासन्‌तास गुंगून जाण्यासारखे काय आहे, असे तुम्हांला वाटेल. एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, खोलीत एक तिजोरी आहे. ती किल्लीने उघडत नाही. तिला चार अंकी आकडा जुळवावा लागतो. ०००० पासून ९९९९ पर्यंत असे १०,००० आकडे होतात. एक आकडा लावून पाहायला पाच सेकंद लागले, तर सगळे आकडे तपासायला जवळजवळ चौदा तास लागतील. मग काय करायचे? जरा भिंतीकडे पाहा. तेथे चार चित्रे टांगली आहेत. एका चित्रात दोन पक्षी आहेत, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तीन आणि चौथ्यात सात. चार चित्रे आणि चार अंक! पण त्यांतला कोणता अंक आधी? चार वेगवेगळे अंक २४ प्रकारे मांडता येतात. म्हणजे एका नजरेत आपण १०,००० वरून २४ वर आलो.

येथे काही खेळाडू घाई करतात. ते चोवीसही आकडे एकामागून एक लावून पाहतात. त्यांची तिजोरी उघडते खरी, पण गंमत हातची जाते. चित्रांच्या चौकटी त्यांनी नीट पाहिलेल्याच नसतात. दोन पक्ष्यांची चौकट लाल आहे, पाच पक्ष्यांची हिरवी, तिघांची पिवळी आणि सातांची निळी. आता पलंगावरची चादर आठवा. तिच्यावर डावीकडून पिवळा, निळा, लाल आणि हिरवा असे पट्टे होते. म्हणजे आकडा झाला ३७२५. खट्‌ असा आवाज होतो आणि तिजोरी उघडते.

चादर तर आपण पहिल्याच मिनिटाला पाहिली होती. ती कोड्याचा भाग आहे, हे मात्र तेव्हा कळले नव्हते. डोळ्यांसमोरची साधी वस्तू एकदम बोलू लागते, तो क्षण या खेळात सर्वांत गोड असतो. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात : नजर आणि अंदाज. हे दोन्ही शब्द मराठीतही आहेत आणि उर्दूतही, त्यामुळे त्यांचा अर्थ तुम्हांला वेगळा सांगायला नको.

संगणकाला हे सारे कसे समजते? खोलीचे चित्र त्याला आपल्यासारखे दिसत नाही. खेळ तयार करणारा माणूस चित्रावर न दिसणारे चौकोन आखून ठेवतो : एक उशीवर, एक खणावर, एक कुलपावर. आपण क्लिक केलेली जागा कोणत्या चौकोनात पडली, एवढेच संगणक पाहतो. शिवाय तो एक टिपण ठेवतो. किल्ली घेतली का? खण उघडला का? बॅटरीत सेल घातले का? म्हणून सेल नसताना बॅटरीवर कितीही वेळा क्लिक केले तरी पलंगाखाली उजेड पडत नाही. सेल घातल्यावर मात्र तोच क्लिक काम करतो. दाराचे कुलूपही असेच एक टिपण असते. त्याच्या आधीची सगळी टिपणे ‘होय’ झाली की दार उघडते.

या चौकोनांवरूनच या खेळातला एक मोठा दोषही समजतो. काही खेळांत असा चौकोन अगदी राईएवढा ठेवलेला असतो. वस्तू चित्रात दिसतही नाही आणि क्लिक नेमका त्याच ठिपक्यावर पडला तरच सापडते. मग खेळाडू विचार करणे सोडतो आणि भिंतीवर इंच इंच क्लिक करत सुटतो. हे कोडे नव्हे, ही निव्वळ शिक्षा आहे. चांगल्या खेळात उत्तर सापडल्यावर ‘अरे, हे तर समोरच होते!’ असे वाटते. वाईट खेळात ‘हे कोणाला कसे सुचणार?’ असे वाटते.

असे खेळ एकदम जन्माला आले नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत विल क्राउदर या संगणकतज्ज्ञाने एका गुहेचा खेळ तयार केला. त्याला गुहांमध्ये फिरण्याचा छंद होता आणि केंटकी राज्यातील खऱ्या गुहेवरून त्याला ही कल्पना सुचली होती. पुढे १९७७ मध्ये डॉन वुड्‌स याने तो खेळ वाढवला. त्यात चित्र एकही नव्हते. गुहेचे वर्णन वाचायचे आणि ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असे हुकूम इंग्रजीत टाइप करायचे. ज्याला इंग्रजी येत नसे, त्याच्यासाठी गुहेचे तोंड बंदच होते. इंग्रजी येणाऱ्याचीही सुटका नव्हती. आपण वापरलेला शब्द संगणकाच्या यादीत नसला, तर ‘मला हा शब्द समजत नाही’ अशा अर्थाचे उत्तर मिळायचे.

१९८७ साली ‘मॅनियाक मॅन्शन’ या खेळाने टाइप करण्याचा त्रास वाचवला. ‘उघड’, ‘घे’, ‘ढकल’ असे हुकूम पडद्यावरच लिहिलेले होते. बाण नेऊन त्यांतला एक निवडायचा. १९९३ मध्ये रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा ‘मिस्ट’ आला. त्यात हुकुमांची यादीही राहिली नाही. एका निर्जन बेटाची सुंदर चित्रे आणि त्यांवर फिरणारा बाण, बस्स.

मग २००४ साली जपानमधील तोशिमित्सु ताकागी यांनी बेटाऐवजी एकच खोली घेतली. गडद लाल रंगाची ही खोली ‘क्रिम्झन रूम’ या नावाने ओळखली जाते. ‘फ्लॅश’ नावाच्या तंत्राने बनवलेला हा छोटा खेळ इंटरनेटवर कोणीही उघडून खेळू शकत असे. ज्यांना जपानी भाषेचा एक शब्दही येत नव्हता, अशा देशोदेशीच्या लोकांनी त्या खोलीचे खण उघडले. उशीखाली पाहायला कोणती भाषा लागते? त्याच वर्षी ताकागी यांची हिरवी खोली ‘विरिडियन रूम’ आली. या प्रकारच्या खेळांना काही जण त्यांच्या नावावरून ‘ताकागिझम’ म्हणू लागले. पोलंडच्या मातेउश स्कुतनिक यांची २००५ मध्ये सुरू झालेली ‘सबमशीन’ ही मालिकाही खूप गाजली.

पुढे एक उलटी गोष्ट घडली. २००७ मध्ये जपानमधील क्योतो शहरात ताकाओ कातो यांनी पडद्यावरची खोली खरीखुरी उभी केली. खेळाडूंनी खऱ्या खोलीत जायचे, खरे खण उघडायचे आणि ठरलेल्या वेळात बाहेर पडायचे. आता मुंबई-पुण्यातही अशा खोल्या आहेत. मात्र त्यांचे तिकीट काढावे लागते. पडद्यावरच्या बहुतेक खोल्या फुकट असतात. फक्त एक सांभाळा : अशा पानांवर जाहिराती फार असतात आणि काही जाहिराती ‘सुरू करा’ असे बटण घेऊन बसलेल्या असतात. तो क्लिक खेळातला नसतो, बरे का!

अडले की काय करावे? खेळाचे पूर्ण उत्तर इंटरनेटवर लिहिलेले सापडते. माझ्या मते ते उघडण्याआधी जवळच्या एखाद्या भावंडाला शेजारी बसवावे. एकाच माउसवर दोन माणसे बसली की वाद होतात खरे. पण ज्याच्या हातात माउस नसतो, त्यालाच अनेकदा चादरीचे पट्टे दिसतात.

या खोल्यांवर एकदा मोठे संकटही आले. ज्या फ्लॅशवर त्या उभ्या होत्या, ते अडोबी कंपनीचे तंत्र जुने आणि असुरक्षित झाले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने त्याची देखभाल थांबवली आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधील खेळ चालेनासे झाले. खेळाच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसू लागला. या वेळी दार बाहेरून बंद झाले होते आणि खोलीत कोणताही संकेत ठेवलेला नव्हता.

काही खेळप्रेमींना हे आधीच दिसले होते. २०१८ पासूनच ‘फ्लॅशपॉइंट’ नावाचे काम सुरू झाले होते. त्यात स्वयंसेवकांनी ठिकठिकाणचे हजारो खेळ शोधून उतरवून घेतले. दुसऱ्या काहींनी ‘रफल’ नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो जुन्या फ्लॅशच्या सूचना वाचतो आणि आजच्या ब्राउझरमध्ये तो खेळ चालवून दाखवतो. काही खेळांनी आपला एखादा भाग इंटरनेटवर दुसरीकडे ठेवलेला होता. ते वाचवणे फार अवघड गेले. स्वयंसेवकांनी तेही तुकडे जमेल तेवढे शोधले आणि संगणकाला ते जुन्याच जागी आहेत असे वाटावे, अशी सोय केली.